वाडीतली सावली, टाकीतला दिवा

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, असं हवामान खात्याने नंतर नोंदवलं. चौलला आमच्या वाडीत हे आकडे कुणाला ठाऊक नव्हते. तीन-चार तासांत माड आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, घरावरची निम्मी कौलं उडाली. माझे वडील, अण्णा, तेव्हा ८२ वर्षांचे होते. वारा पडल्यावर ते पडवीत येऊन उभे राहिले आणि समोर पाहून एवढंच म्हणाले, “उजेड केवढा झालाय!”

त्या वाक्याचा पुरता अर्थ मला चार महिन्यांनी कळला. तोही वाडीत नव्हे, तर अलिबागच्या फ्लॅटमध्ये, दीड फुटी काचेच्या टाकीसमोर बसून. हा लेख त्या टाकीवर कोणता दिवा लावावा, एवढ्याच प्रश्नाविषयी आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे दिवा निवडणं म्हणजे दुकानात जाऊन वॅट सांगणं, अशी माझी समजूत होती.

पोखरणीतलं गवत

आमच्या वाडीत एक लहान तळं आहे. चौलकडे त्याला पोखरण म्हणतात. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पाऊसकाळ सरल्यावर छातीभर पाणी आणि वर माडांची व पोफळींची दाट सावली. त्या पाण्यात रिबिनीसारख्या लांब, लवचीक पानांची एक वनस्पती वर्षानुवर्षं होती. अण्णा तिला नुसतं ‘पोखरणीतलं गवत’ म्हणत. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव व्हॅलिस्नेरिया. काठाच्या ओल्या मातीत जलब्राह्मी असे. पाण्यात गप्पी मासे होते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याने ते केव्हातरी आणून सोडलेले.

वादळानंतर अण्णांना आम्ही अलिबागला आणलं. ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर, मी वाडीत गेले तेव्हा पोखरणीचं पाणी ओळखू येईना. ताकात कोथिंबीर वाटून घालावी तसा त्याचा रंग झाला होता. पायरीवरून वीतभर खालचंही दिसत नव्हतं. हात घालून चाचपलं तेव्हा गवताची पानं हाताला लागली, पण लिबलिबीत. त्यांच्यावर हिरव्या तंतूंचा थर बसला होता. पाच-सहा रोपं अजून टणक होती. ती मुळांसकट काढून डब्यात घातली आणि घरी आणली.

अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, “वाडीला ऊन लागलं, दुसरं काय. पानवेलीचंही तेच झालं असेल बघ.” आणि तसंच झालं होतं. माडाखाली पोफळ, पोफळीखाली जायफळ, तिच्या खोडावर पानवेल आणि त्याखाली ओलसर जमीन, अशी वाडीची मांडणी असते. वरचे दोन मजले कोसळल्यावर खाली सवयीने सावलीत राहणारं जे जे होतं, ते करपलं. पाण्याखालचं मात्र करपलं नाही. तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी फावलं.

इथे आपल्या भाषेतली एक अडचण सांगायला हवी. पाण्यात जे हिरवं दिसेल त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पायरीवरचा निसरडा थर शेवाळ, पाण्याला हिरवा रंग देणारे डोळ्यांना न दिसणारे जीव शेवाळ, आणि व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या मुळं, पानं आणि फुलं असलेल्या वनस्पतीही शेवाळच. प्रत्यक्षात यातल्या पहिल्या दोघांचं आणि तिसऱ्याचं हाडवैर आहे. एकाच उजेडासाठी, एकाच खतासाठी त्यांची चढाओढ असते. टाकीवरचा दिवा निवडणं म्हणजे या भांडणात आपण कुणाच्या बाजूने उभं राहायचं, ते ठरवणं. या लेखात शेवाळ हा शब्द मी पहिल्या दोघांसाठीच वापरते.

पहिला दिवा

टाकी साधी घेतली. ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. काठोकाठ भरली तर ४० लिटर, प्रत्यक्षात सुमारे ३५ लिटर पाणी. तळाला वाडीतली माती बोटभर, तिच्यावर धुतलेली जाड रेती. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, महागडी खतं नाहीत. पाच-सहा रोपं, काठावरच्या ब्राह्मीच्या काड्या, आठ गप्पी. जगभरचे शौकीन याला ‘लो-टेक’ टाकी म्हणतात. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली याच पद्धतीवर एक पुस्तक लिहिलं. मातीतलं अन्न, माशांची विष्ठा आणि खिडकीचा उजेड यांच्यावर टाकी चालू शकते, असा त्यांचा मुद्दा.

टाकी अण्णांच्या पलंगासमोर ठेवायची होती आणि त्या खोलीची खिडकी उत्तरेला. म्हणून दिवा हवा. दिवाळी जवळ येत होती, बाजारात आकाशकंदील लागले होते. मी विजेच्या सामानाच्या दुकानातून ३० वॅटचा एलईडी फ्लड लाइट आणला, ज्याला आपण फोकस म्हणतो. झाडांना उजेड लागतो, तर भरपूर द्यावा, असा माझा हिशेब. सकाळी सातला लावायचा, रात्री दहाला बंद करायचा. अण्णांनाही दिवसभर छान दिसेल.

पहिले चार दिवस पानांवरून मोत्यांसारखे बुडबुडे वर येत. मी खूश. आठव्या दिवशी काचेवर हिरवी धूळ बसली. बाराव्या दिवशी पानांना केसांसारखे तंतू चिकटले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी टाकीतले मासे दिसेनासे झाले. अण्णा उशीला टेकून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तू माझी पोखरण हुबेहूब केलीस गं. आत्ताची.”

बुडबुड्यांचा इतिहास

मला लाज वाटली, कारण हा धडा मी दरवर्षी शिकवत असे. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांच्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे नळीत जमतात, ठिणगी असलेली काडी आत धरली की पेटते. आपल्यापैकी बहुतेकांनी ही आकृती वहीत काढली असेल.

या प्रयोगाचं मूळ अठराव्या शतकात आहे. १७७१ साली जोसेफ प्रिस्टली यांना दिसलं, की मेणबत्ती जळून ‘बिघडलेली’ बंद भांड्यातली हवा पुदिन्याची फांदी पुन्हा सुधारते. पण हे कधी घडे, कधी घडत नसे. ते का, याचा उलगडा यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने १७७९ साली केला. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत. म्हणजे काम पान करतं, पण मजुरी उजेडाची. अंधारात हीच पानं आपल्यासारखी हवा ‘बिघडवतात’, हेही त्यांनी दाखवलं.

पुढे १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून पाणी न बदलता ते कसं टिकतं, याचा निबंध वाचला. आजच्या मत्स्यालयाची ही सुरुवात मानतात. मला यात गंमत वाटते ती दोन गोष्टींची. एक म्हणजे त्यांनी निवडलेली वनस्पती आमच्या पोखरणीतल्या गवताची सख्खी होती. दुसरी म्हणजे त्यांच्याही पात्रात सडलेल्या पानांनी पाणी गढूळ झालं आणि हिरवा थर चढला. त्यांनी गोगलगाई सोडल्या, त्यांनी तो थर खाल्ला आणि पाणी निवळलं. म्हणजे मत्स्यालयाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर शेवाळ हजर आहे.

खाण्याच्या सोड्याची चिमूट

नरसाळ्याच्या प्रयोगात एक बारीक सूचना असते, आणि मुलं ती नेहमी विसरतात: पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. का? कारण त्यातून वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड मिळतो. सोडा न घालता दिवा जवळजवळ आणत गेलं, तर बुडबुडे काही काळ वाढतात आणि मग वाढायचे थांबतात. दिवा आणखी जवळ आणा, फरक शून्य. सोडा घाला, पुन्हा वाढ. इंग्लंडच्या एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ साली याचाच नियम मांडला: एखादी क्रिया अनेक गोष्टींवर अवलंबून असेल, तर तिचा वेग त्यांतली जी सर्वांत कमी पडते ती ठरवते. पंगतीत भात कमी पडला, तर वरणाची दुसरी पातेली आणून उपयोग नसतो.

पाण्यात हीच गोष्ट कमी पडते. हवेतल्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड जवळपास दहा हजार पटींनी हळू पसरतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मातीतल्या कुजण्यातून आणि माशांच्या श्वासातून थोडी भर पडते, तेवढीच. सिलिंडर लावणारे लोक ही मर्यादा उठवतात, म्हणून त्यांना प्रखर दिवे चालतात. माझ्या टाकीत दिवा उन्हाचा आणि वायू नावापुरता. मोठ्या वनस्पती जेवढा उजेड वापरू शकत होत्या तेवढा त्यांनी वापरला, उरलेला शेवाळाने उचलला. शेवाळाचा संसार एका पेशीचा. गरजा थोड्या, वाढ झटपट. उरल्यासुरल्यावर तो सहज उभा राहतो.

पोखरणीतही हेच झालं होतं, पण तिथे एक गोष्ट जास्त होती. उजेड वाढला आणि त्याच वेळी पडलेल्या झावळ्या, पाचोळा पाण्यात कुजून खतही वाढलं. फक्त ऊन वाढलं असतं, तर पाणी इतकं हिरवं झालं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. टाकीतही नवी माती होती, तिनेही सुरुवातीला भरपूर खत सोडलं असणार. पण माती मला बदलता येत नव्हती. दिवा बदलता येत होता.

खोक्यावरचे आकडे

आता दुकानातल्या खोक्याकडे वळू. त्यावर सहसा तीन आकडे असतात.

पहिला वॅट. दिवा वीज किती खातो, ते हा सांगतो. उजेड किती देतो, ते सांगत नाही. ट्यूबलाइटच्या काळात ‘इतक्या पाण्याला इतके वॅट’ असा ठोकताळा होता. एलईडीला तो लावला, की माझं झालं तेच होतं. ४० वॅटच्या जुन्या ट्यूबच्या मानाने आजचा २० वॅटचा एलईडी सहसा कमी भरत नाही.

दुसरा ल्युमेन. हा उजेडाचा आकडा, पण माणसाच्या डोळ्याने मोजलेला. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी-हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून ल्युमेनच्या हिशेबात त्या रंगाला सर्वाधिक वजन मिळतं. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळा प्रकाश कमीअधिक वापरते. तो मोजायला ‘पार’ नावाचं माप आहे: दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या घरात जातो. सिलिंडर नसलेल्या टाकीच्या तळाशी २० ते ५० पुरतो. वाचकांनी या दोन आकड्यांवर क्षणभर थांबावं. पाण्याखालच्या सावलीतल्या रोपाला उन्हाचा चाळिसावा हिस्साही खूप होतो.

पार मोजायचं यंत्र महाग असतं. पण फोनमधला लक्स मोजणारा ॲप फुकट मिळतो. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागलं, की पारचा ढोबळ अंदाज येतो. टाकीच्या खोलीइतक्या अंतरावर, दिव्याखाली फोन उताणा ठेवायचा. फोन काही प्रयोगशाळेतलं उपकरण नव्हे, पण २५०० आणि २५००० यांतला फरक तो नक्की सांगतो. माझ्या फोकसखाली त्याने १५ हजारांच्या वर आकडा दाखवला. म्हणजे पार दोनशेच्या पुढे. हव्या त्यापेक्षा किमान चौपट, तोही रोज १५ तास.

तिसरा आकडा केल्विन, म्हणजे रंगछटा. ३००० ला पिवळसर, ६५०० ला दुधी पांढरा. यावर जितका वाद होतो तितका त्याचा वनस्पतींवर परिणाम होत नाही. ४००० ते ६५०० मधला कुठलाही पांढरा दिवा चालतो. तो डोळ्याला काय आवडतं, यावर ठरवावा. जांभळट ‘ग्रो लाइट’ विकणारे सांगतात, की पानं हिरवी दिसतात म्हणजे हिरवा प्रकाश ती परतवून लावतात, म्हणून फक्त लाल आणि निळा द्या. हे अर्धसत्य आहे. पान हिरव्यातला थोडा भाग परतवतं, बराचसा शोषतंच. जांभळ्या दिव्याखाली झाडं जगतात, पण समोर बसणाऱ्याला मासे आजारी दिसतात.

विजेपासून दूर असलेलं गाव

अलिबागला बसून दिव्याविषयी लिहिताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह जवळून गेला, की नाजूक चुंबकसुया विचलित होतात. म्हणून १९०४ साली ते काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली. अलिबागची वेधशाळा आजही समुद्रकिनाऱ्याजवळ उभी आहे. आमचं गाव विज्ञानाच्या नकाशावर आलं ते इथे वीज नव्हती म्हणून. जास्तीची वीज हीसुद्धा बाधा असू शकते, हे माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवरची इमारत सांगत होती आणि मी ३० वॅटचा फोकस घेऊन घरी गेले.

पांढरा एलईडी आपल्या घरात आला तो निळ्याच्या पाठीवर बसून. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीच होते, पण निळ्याशिवाय पांढरा होत नव्हता. तो प्रश्न इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी सोडवला. त्यासाठी त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजचा बहुतेक पांढरा दिवा म्हणजे निळी चकती आणि तिच्यावर पिवळा लेप. योगायोग असा, की पाण्याखालच्या बागांना जगभर कलेचा मान मिळवून देणाऱ्या जपानी छायाचित्रकाराचं आडनावही अमानोच होतं: ताकाशी अमानो. एका अमानोने दिवा दिला, दुसऱ्याने त्याखाली काय लावावं ते दाखवलं. आपल्याकडे २०१५ पासून उजाला योजनेत स्वस्त एलईडी बल्ब घरोघर गेले. शेवटी माझ्या कामाला तसाच एक बल्ब आला.

दुसरा दिवा

मी जे निवडलं ते असं. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब, सुमारे ९०० ल्युमेनचा, ६५०० केल्विन. त्याला अभ्यासाच्या टेबललॅम्पची शेड, आतून पांढरी. शेड असूनही निम्मा उजेड इकडेतिकडे जातो असं धरलं, तर ४५० ल्युमेन पाण्यात उतरतात. टाकीचा तळ ०.१३५ चौरस मीटर. भागाकार केला, तर ३३०० लक्सच्या आसपास येतात. काच, पाणी आणि पृष्ठभाग यांचा वाटा वजा करून २५०० धरू. ७० ने भागलं, की पार ३५. अगदी हवा तेवढा. रोज आठ तास लावला, तर महिन्याला सव्वादोन युनिटांपेक्षाही कमी वीज.

पट्टीसारखे तयार दिवे मिळतात, तेही चांगले असतात. उजेड सारखा पडतो, टाकी नेटकी दिसते. ते घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: उजेड कमीजास्त करायची सोय आहे का, आणि दिवा वरखाली सरकवता येतो का. बल्ब दुप्पट उंच नेला, की तळाशी पडणारा उजेड जवळपास चौथाईवर येतो. त्यामुळे थोडा जास्त ताकदीचा दिवा दोरीने टांगून उंच करता येतो. कमी ताकदीचा मात्र वाढवता येत नाही. म्हणून घेताना किंचित मोठा घ्यावा आणि लावताना कंजुषी करावी.

वेळ ही उजेडाची दुसरी बाजू. सुरुवातीला सहा तास, महिन्याभराने पानं नवी फुटत असतील तर आठ. साधा टायमर लावावा, कारण माणूस विसरतो. वॉलस्टॅड यांची एक युक्ती आमच्याकडे लागू पडली: मध्ये दिव्याला दुपारची झोप द्यायची. सकाळी चार तास, मग चार तास बंद, संध्याकाळी पुन्हा चार. बंद काळात मातीतून आणि माशांकडून आलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, आणि दिवा लागला की रोपांना तो मिळतो. अण्णाही त्याच वेळी वामकुक्षी घेत, त्यामुळे घरातलं वेळापत्रक जुळलं.

आता रोपांविषयी. प्रत्येक वनस्पती श्वासही घेते, म्हणजे रोजचा खर्च असतो. उजेडातून होणारी कमाई त्या खर्चाइतकी होते तिथे तिचं भागतं. त्याखाली ती हळूहळू झिजते. सावलीतल्या वनस्पतींचा खर्चच कमी, म्हणून कमी उजेडात त्या टिकतात. दुकानात मिळणाऱ्यांपैकी जावा फर्न आग्नेय आशियातल्या जंगलओढ्यांचं, अनुबियास आफ्रिकेतल्या सावलीतल्या नदीकाठांचं, क्रिप्टोकोरिन वेंडटी श्रीलंकेचं. क्रिप्टोकोरिनचे काही भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत, पण ते तिथून उपटून आणू नयेत. त्यांची ठिकाणं मोजकी आहेत. ज्यांची पानं लाल आणि बारीक, त्या वनस्पती सहसा प्रखर उजेड मागतात. लो-टेक टाकीत त्यांच्या नादी लागू नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तीन सूचना. खारा वारा दिव्याच्या पत्र्याला आणि जोडांना वर्षभरात खातो, म्हणून बंद, पाणी न शिरणारी बनावट पाहावी, निदान ॲल्युमिनियमची. टाकीवर काच ठेवली तर तिच्यावर पाण्यातल्या क्षारांचे डाग बसतात आणि उजेड नकळत घटतो. ती दर आठवड्याला पुसावी. आणि वायर सॉकेटकडे वर जाण्याआधी खाली झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही. घरात अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच नसेल, तर पैसे आधी त्यावर घालावेत, टाकीवर नंतर.

केळ आणि गोंडाळ

दिवा बदलून, निम्मं पाणी बदलून, तंतू हाताने काढून पंधरा दिवस गेले, तरी शेवाळ हटेना. वाढ थांबली होती, पण होतं ते जात नव्हतं. एके दिवशी अण्णांनी विचारलं, “नवी पोफळ लावतात तेव्हा आधी काय लावतात?”

“केळ.”

“का?”

पोफळीचं रोप लहानपणी ऊन सोसत नाही. केळ झपाट्याने वाढते, सावली धरते आणि पोफळ मोठी झाली की काढून टाकता येते. मग मी पाण्यावर तरंगणारी गोंडाळाची चार रोपं आणली. त्यांची पानं हवेत असतात, म्हणून कार्बन डायऑक्साइडची टंचाई त्यांना जाणवत नाही. मुळं पाण्यात लोंबतात आणि जास्तीचं खत ओढून घेतात. शिवाय सावली पडते. तीन आठवड्यांत पाणी निवळलं. मात्र गोंडाळ दर आठवड्याला निम्मं काढावं लागतं, नाहीतर तेच दिवा झाकून बसतं. काढलेलं कुंडीत खत म्हणून टाकावं. तळ्यात किंवा ओढ्यात कधीही सोडू नये. तिथे ते आवरत नाही.

जानेवारीत व्हॅलिस्नेरियाने मातीखालून धुमारे सोडले आणि मूळ रोपापासून चार बोटांवर नवं पान वर आलं. अण्णांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा मागितला.

त्याच सुमारास धाकट्या भावाने वाडीत पुन्हा लागवड सुरू केली. केळी लावल्या, केळींच्या सावलीत पोफळीची रोपं, मोकळ्या जागी माडाची. अण्णा फोनवरून अंतरं सांगत. पोफळ सुपारी धरायला पाच-सात वर्षं घेते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते २०२३ च्या पावसाळ्यात गेले. तोपर्यंत टाकी त्यांच्या पलंगासमोर होती. दिवा सकाळी आठला लागला की ते ‘उजाडलं’ म्हणत.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात टाकीतल्या गवताचा एक जुडगा मी पोखरणीत परत लावला. आधी पायरीवर बसून फोनवर लक्स पाहिले. दक्षिणेकडे अजून ऊन सरळ पाण्यावर येतं. उत्तरेकडे केळींची आणि डोक्याएवढ्या पोफळींची सावली आहे, तिथे आकडा उघड्यावरच्या दहाव्या हिश्श्याइतका भरला. तिथेच लावला. यंदा पावसाळ्यानंतर पाहिलं, तर त्या कोपऱ्यात दोन हात जागेत गवत पसरलंय आणि पाणी पायरीखालपर्यंत दिसतं. दक्षिणेची बाजू अजून हिरवी आहे. तिथे माड मोठे व्हायला वेळ लागेल.

टाकी आता माझ्या खोलीत आहे. बल्ब तोच, ९ वॅटचा. शेजारच्या मुलाला वाढदिवसाला टाकी मिळालीय आणि तो विचारतो, “आजी, किती वॅटचा दिवा घेऊ?” त्याला मी आधी फोन घेऊन टाकी ठेवायच्या जागी उजेड मोजून आणायला सांगितलं आहे.